राखून ठेवलेले दहा अँपियर

माझं काम खोटी गाडी होण्याचं आहे.

प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर एक करडी पेटी असते. तिला चाकं नाहीत, बॅटरी नाही. आत थोडे रेझिस्टर, एक डायोड आणि बाहेर तीन बटणं. विजेच्या गाड्यांचे नवे चार्जर आमच्याकडे तपासायला येतात. त्यांची तार या पेटीत खुपसायची, आणि चार्जरला वाटायला हवं की समोर खरीच गाडी उभी आहे. मग तो काय सांगतो ते ऐकायचं. खरं बोलतो की फुशारक्या मारतो ते बघायचं.

लोकांना वाटतं, चार्जर गाडीत वीज ढकलतो. तसं नसतं. जाड तारांच्या शेजारून एक बारीक तार जाते आणि आधीचं सगळं बोलणं तिच्यावरून होतं. कोणी आलेलं नसतं तेव्हा चार्जर त्या तारेवर बारा व्होल्ट धरून नुसता उभा असतो. गाडी जोडली की बाराचे नऊ होतात. म्हणजे कोणीतरी आलं. मग चार्जर तो दाब सेकंदाला हजार वेळा वर-खाली करू लागतो, आणि त्यातला किती वेळ दाब वर राहतो त्यावरून गाडीला कळतं की किती वीज मिळण्यासारखी आहे. सहावा हिस्सा वर, तर दहा अँपियर. तिसरा हिस्सा वर, तर वीस. गाडी ऐकून घेते आणि हवं असेल तर नवाचे सहा करते. म्हणजे, दे. तेव्हा कुठे आत खट् असा आवाज होतो आणि जाड तारांतून वीज वाहू लागते. गाडी सांगितलेल्यापेक्षा जास्त घेत नाही. कमी घेऊ शकते. काहीच न घेता तशीच उभीही राहू शकते.

घरी आमचे दोन चार्जर आहेत. घर बाबांचं, दुमजली. खाली ताई राहते, वर मी. माझा जिना बाहेरून आहे आणि त्याच्या मधल्या एका पायरीची फरशी सुटलेली आहे. पाय पडला की वाजते. बाबा ती बसवणार होते. जिन्याखाली माझी गाडी उभी असते आणि भिंतीपलीकडे, गॅरेजमध्ये, ताईची. एकाच भिंतीच्या दोन अंगांना दोन चार्जर, आणि दोघांना मिळून वीस अँपियर. घराच्या जोडणीत त्याहून जास्त निघत नाही.

तेव्हा वाटणी आली. वाटणीचा नियम मीच लिहिला, कारण ते माझं रोजचंच काम. नियम दोन तऱ्हेचा असू शकतो. दुसरी गाडी वीज मागेल तेव्हा पहिलीचा वाटा अर्धा करायचा, ही एक तऱ्हा. सगळे हीच वापरतात. दुसरी तऱ्हा अशी, की दुसरी गाडी नुसती जोडली गेली, तिनं अजून काही मागितलं नसलं, तरी लगेच तिचा अर्धा वाटा बाजूला काढून ठेवायचा. मी दुसरी निवडली.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला आम्ही शंकासुर म्हणतो. एकदा त्यानं माझ्या लॅपटॉपवर हा नियम पाहिला.

"हे काय गं? जो अजून जेवायला बसलाच नाही त्याचंही वाढून ठेवायचं?"

"असू दे."

"अगं, पण वरची गाडी उपाशी ना!"

"अर्धपोटी. उपाशी नाही."

"तुझ्या घरी म्हणून ठीक आहे. इथे असं काही आलं असतं तर तूच नापास केलं असतंस."

केलं असतं. मी विषय बदलला.

माझ्या चार्जरवर एक छोटा पडदा आहे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाकलं की त्यावरचा आकडा दिसतो. संध्याकाळी मी आधी येते. तार जोडते, वर जाते, पातेल्यात पाणी ठेवते आणि खिडकीशी उभी राहते. वीस. भाजी चिरते. वीस. मग कधीतरी विसाचे दहा होतात.

ताई आली.

ताई हॉस्पिटलात परिचारिका आहे. तिच्या पाळ्या बदलतात आणि त्या मला सांगण्याचा प्रश्न नव्हता, कारण आम्ही बोलत नव्हतो. अगदीच अबोला नव्हे. "टाकी भरली", "गेटची कडी लाव", "मामा येणार आहेत", एवढं जिन्याच्या खालून वर आणि वरून खाली चालायचं. त्यात "आलीस का" हे नव्हतं. ते मला आकडा सांगायचा. दहा दिसले की मी गॅस बारीक करायचे, आणि मग मला भूक लागायची. एकदा आकडा वीसच राहिला. मी जेवण वाढून घेतलं, झाकून ठेवलं, परत उघडलं, परत झाकलं. सकाळी खाली तिच्या गाडीचं दार वाजलं तेव्हा कळलं की ती आता परततेय. दुहेरी पाळी असणार. खाली जाऊन विचारलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं.

अबोल्याचं कारण बाबा. ते आजारी पडले तेव्हा मी समुद्रापलीकडच्या एका प्रयोगशाळेत होते. तिथे एका नव्या चार्जरच्या चाचण्या चालू होत्या. फोन केला की ताई म्हणायची, "बाबा झोपलेत." दुसऱ्यांदा केला, "झोपलेत गं." तिसऱ्यांदाही झोपलेच होते. चाचणी पास करून परतले तेव्हा खुर्चीवर त्यांचा स्वेटर होता आणि ते नव्हते. "तुझं काम अडलं असतं," ताई म्हणाली, "आणि येऊन तरी काय केलं असतंस?" मी तिला एवढंच म्हणाले, "तू मला विचारलं नाहीस." त्यानंतर टाकी आणि गेटची कडी.

थंडी वाढली तशी गाडी जास्त वीज खाऊ लागली. आत उबारा लागतो, बॅटरी गारठते. दहा अँपियरवर ती पहाटेपर्यंत पुरती भरेना. प्रयोगशाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मी लवकर निघू लागले आणि वाटेत एका चार्जरपाशी थांबून, स्टिअरिंगवर मान टेकून, उरलेलं भरून घेऊ लागले. नियम बदलायला मला चहा पिण्याइतकाही वेळ लागला नसता. बदलला नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशी, ऊन कलल्यावर, वायरमनकाका आले. या घराची पहिली वायर त्यांनीच ओढलेली. त्यांनी जिन्याखालूनच हाक दिली.

"मापाडीबाई! आहात का वर?"

हे बाबांनी ठेवलेलं नाव. लहानपणी मी घरात जे दिसेल ते मापायचे. दूध, पडदे, मांजराची शेपटी. आता ते नाव घेणारे काकाच उरले होते.

"आहे. काय काढलंत काका?"

"खालच्या बाईंनी वेगळा मीटर मागितलाय. त्यांची जोडणी तोडून स्वतंत्र करायची. उद्या माणसं येतील, आज मी जागा बघतोय."

मी कठड्याला धरून उभी होते. जोडणी तोडायची म्हणजे माझ्या पडद्यावर वीसच राहणार. रोज, सदासर्वकाळ, ती येवो न येवो.

"का मागितलाय?"

"ते मला काय माहीत? अर्ज त्यांचा. मी हुकुमाचा ताबेदार. जरा खाली या बरं, दोन चार्जरांमधली तुमची ती वाटणीची पेटी मला उमगत नाही. चावी दिलीय बाईंनी, त्या दुकानात गेल्यात."

गॅरेजमध्ये मी बाबा गेल्यापासून पाऊल टाकलं नव्हतं. आत जाताना मी आधी भिंतीवरच्या हत्यारांकडे बघितलं, मग मुद्दाम बघायचं बंद केलं. ताईची गाडी उभी होती, तार जोडलेली. येताना मी माझा आकडा पाहिला होता. दहा.

चार्जरचा दिवा निळा होता.

निळा म्हणजे गाडी आहे, पण मागत नाही. हिरवा असायला हवा होता. मी वर धावत जाऊन मापक घेऊन आले आणि बारीक तारेवर टेकवला. नऊ व्होल्ट. सहा नाही.

"काका, हिचं काही बिघडलंय. गाडी वीज घेतच नाहीये."

काकांनी मान तिरकी करून दिव्याकडे पाहिलं. "मागे फ्यूज बघायला आलो तेव्हाही निळाच होता. मला वाटलं तसाच असतो. बरं, मी शिडी आणतो टेम्पोतून. तुम्ही बघा तोवर."

ते गेले. मी तशीच वाकून उभी होते, हातात मापक, तेव्हा दारात सावली पडली.

"काय गं, इथे काय करतेस?"

ताई. एका हातात पिशवी, त्यातून पावाचं पुडकं डोकावत होतं. केस पुढून बरेच पांढरे झाले होते. ते वरच्या खिडकीतून दिसले नव्हते.

"काकांनी बोलावलं."

"आणि ते कुठेत?"

"शिडी आणायला." मी मापक खाली घेतला. "तुझी गाडी वीज घेत नाहीये."

"माहितेय. रात्री बारानंतर घेते. मीच तसं लावून ठेवलंय."

"का?"

"का म्हणजे? तुला पहाटे लांब जायचं असतं. आधी तुझी भरू दे. मला काय, हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "पण तरी तू अंधारात निघतेस. दिवे दिसतात ना मला. म्हटलं, हिला आपल्यामुळे कमी पडतंय. वेगळा मीटरच घेऊन टाकू, म्हणजे कटकट नको."

"मला सांगितलं नाहीस."

"त्यात काय सांगायचं?"

तोच सूर होता. बाबा झोपलेत.

"ताई, तुझ्या थांबण्याचा मला काडीचा उपयोग होत नाही. तू तार जोडलीस की माझे विसाचे दहा होतात. तुझी गाडी घेवो नाहीतर नुसती उभी राहो."

"असं कसं? काका म्हणाले होते, दोन्ही चालू असल्या की वाटून घेतात."

"सगळीकडे तसंच असतं. आपल्या इथलं मी बदललंय."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

तिनं बोट आधी आपल्या चार्जरकडे केलं, मग भिंतीपलीकडे. हिशोब जुळतोय का बघावं तसं. "थांब. म्हणजे मी तुझ्यासाठी माझी बंद ठेवते. आणि तू तिकडे अर्ध्यावरच चालवतेस. मग उरलेलं अर्धं कोण घेत होतं?"

"कोणीच नाही."

"शाब्बास! एवढं शिकलीस आणि हे अकलेचे तारे? अगं, ठेवायचं कशाला पण बाजूला काढून?"

"तू घरी आलीस हे मला कळावं म्हणून."

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं.

ताईनं पिशवी गाडीच्या बॉनेटवर ठेवली. मग पावाचं पुडकं सरळ केलं, जसं काही तेच तिरकं असल्यामुळे सगळं बिघडलं होतं. कुठूनतरी काकांच्या टेम्पोचं दार आपटल्याचा आवाज आला.

"खिडकीतून बघतेस?" तिनं विचारलं.

"आकडा दिसतो."

"आणि मी आले नाही तर?"

"वीसच राहतात."

"मध्ये माझी दुहेरी पाळी होती एकदा."

"हो. नंतर कळलं."

"मला वाटायचं, तुला माझं तोंड बघायचं नाहीये."

"नव्हतंच बघायचं."

ती हसली, नाकातून, बाबांसारखी. मग हसू गेलं. दिव्याकडे बघतच ती म्हणाली, "पहिल्यांदा खरंच झोपले होते गं."

मी मापकाची तार बोटाला गुंडाळू लागले.

"तू दुसऱ्यांदा फोन केलास तेव्हा जागे होते. मी फोन त्यांच्याकडे नेत होते. हातानं नको म्हणाले. आवाज फार बारीक झाला होता, तुला लगेच ओळखू आलं असतं. म्हणाले, मापाडीची परीक्षा चालू आहे, तिला त्रास देऊ नको. परीक्षा म्हणाले. मी म्हटलं, बाबा, परीक्षा नाही, तिचं ते कामाचं आहे. तर म्हणे, तेच ते." ताईनं बॉनेटवरची धूळ तळव्यानं पुसली. "आणि मी त्यांचं ऐकलं. तुला विचारायला हवं होतं. ते बरोबर होतं तुझं."

माझ्या हातातला मापक अजून चालूच होता. मी तो बंद केला. काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण जे सुचत होतं ते सगळं एक तर फार मोठं होतं, नाहीतर टाकी भरली एवढं लहान.

"गाडी चालू कर," मी म्हणाले.

"तुझी भरू दे ना आधी."

"ताई. तुझे दहा बाजूला काढलेत. ते तुझेच आहेत. घे."

तिनं गाडीचं दार उघडून आतल्या पडद्यावर काहीतरी दाबलं. खट्. निळ्याचा हिरवा झाला. भिंतीच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी बारीक गुणगुण सुरू झाली, आणि आम्ही दोघी जरा जास्तच लक्ष देऊन ती ऐकत राहिलो, जसं काही आधी कधी ऐकलीच नव्हती.

काका शिडी घेऊन दारात आले. आमच्याकडे पाहिलं, मग शिडीकडे. "काय ठरलं? बसवायचा मीटर, की ही परत नेऊ? मला काय, शिडी माझीच आहे."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "अर्ज मागे घेऊ?"

हो म्हणावं असं फार वाटलं. पण दहा मला पुरत नव्हते आणि तिलाही कधी अडीनडीला जास्त लागले असते. चुकीचा नियम मी किती दिवस चालवणार होते?

"नको," मी म्हणाले. "बसवा काका."

"मग तुला कळणार कसं?" ताईनं विचारलं.

काकांनी शिडी भिंतीला लावली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तेव्हा भिंतीवर नवा मीटर होता आणि दोन चार्जरांमधली वायर कापून तिच्या टोकांना टेप गुंडाळलेला होता. मी गाडी लावली, वर गेले, पातेल्यात पाणी ठेवलं आणि सवयीनं खिडकीशी उभी राहिले. वीस. कांदा चिरला. वीस. बाहेर अजून उजेड होता. आकडा आता काही सांगणार नव्हता हे मला ठाऊक होतं. तो वायर कापलेला साधा, खरा आकडा होता. तरी दर थोड्या वेळानं मी वाकत होते.

वीस.

त्याच दिवशी सकाळी प्रयोगशाळेत एक नवा चार्जर आला होता. मी माझी खोटी गाडी जोडली. बाराचे नऊ झाले आणि चार्जरनं लगेच सांगायला सुरुवात केली: एवढं आहे, एवढं आहे, सेकंदाला हजार वेळा. माझ्या पेटीनं अजून काही मागितलंच नव्हतं. मी मागायचं बटण दाबलं नाही. नुसतीच पडद्यावरच्या त्या चौकोनी लाटा बघत बसले. शंकासुर म्हणाला, "बिघडलाय का?" मी म्हटलं, "नाही. बरोबर सांगतोय."

खिडकीखाली ताईची गाडी आली. गॅरेजचं दार सरकलं, परत लागलं. आकडा हलला नाही. मी थांबले. ताई हाक मारणाऱ्यातली नाही. लहानपणी ताप आला तरी सकाळी गादीवरून उठली नाही म्हणून कळायचं. मी तरी कुठे हाक मारणाऱ्यातली होते? खाली पाणी वाहिल्याचा आवाज आला, मग तो थांबला. तिच्या स्वयंपाकघराचा दिवा लागला आणि त्याचा पिवळा चौकोन अंगणात पडला. मग तो विझला.

मी गॅस बारीक केला आणि जाऊन जिन्याचं दार उघडलं. पूर्ण उघडलं, भिंतीला टेकेपर्यंत, आणि ते वाऱ्यानं लागू नये म्हणून त्याच्याखाली पायपुसणं दाबून ठेवलं. जिन्यावरचा दिवा लावला. थंडी आत आली. मी ओट्याशी परत आले आणि दाराकडे पाठ करून उभी राहिले, कारण तिकडे बघत उभं राहणं मला जमण्यासारखं नव्हतं.

खट्.

मधल्या पायरीची फरशी.

पुढचं पाऊल वाजलं नाही. मी वाट पाहिली. ती तिथेच थांबली होती. वर यायचं की परत फिरायचं, बहुधा.

"दार उघडंच आहे गं," मी म्हणाले. आवाज मला हवा होता त्याहून मोठा निघाला.

"दिसतंय मापाडीबाई, आंधळी नाहीये मी," खालून ताई म्हणाली. "पिशवी जड आहे. दम तर घेऊ दे."